पाय हलला, मग चालणार कधी?

घरी आलेला पाहुणा चहा घेता घेता माझ्या लुळ्या पायांकडे पाहत असतो, आणि बायकोने पांघरूण ओढताच उजवा पाय एकाएकी ताठ होऊन थरथरला की हमखास म्हणतो, "गुरुजी, पाय हालला की! आता चालणार कधी?" गेल्या दोन-तीन वर्षांत या प्रश्नाला मोबाईलवरच्या एका व्हिडिओची जोड मिळाली आहे: परदेशातला माणूस मेंदूत यंत्र बसवून कुबड्यांवर चालतो, मग तुम्ही ते ऑपरेशन का करून घेत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मे २०११ मध्ये, पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर, पांढरी माती टाकताना, मी अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात पाठीवर पडलो. डॉक्टर ज्याला डी-१० म्हणतात तो मणका मोडला आणि बेंबीच्या खाली काही कळेनासे झाले. पण मेंदूकडून येणारा हुकूम तुटला म्हणजे दुखापतीखालचा मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी नसांची दोरी, मेला असे नव्हे. विहिरीतली मोटार शाबूत असावी आणि विजेच्या डीपीपासून आलेली केबल मध्येच तुटलेली असावी, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की ही मोटार कोणी स्टार्टर न दाबताही अधूनमधून गचके देते. चादर घासली की कातडीचा निरोप मज्जारज्जूत जातो आणि मेंदूला न विचारता तिथूनच स्नायूंकडे वळतो. तुम्हाला दिसतो तो हा झटका. ती सुधारणा नव्हे.

तुटलेली केबल पुन्हा जोडण्याचे प्रयत्न जुने आहेत. प्रौढ मज्जारज्जूतले तुटलेले तंतू पुन्हा वाढत नाहीत, असे काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये लिहून ठेवले होते. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांमध्ये पायाच्या नसेचा तुकडा जोडून दाखवले, की अनुकूल वाट मिळाली तर तेच तंतू वाढतात. म्हणजे दोष बराचसा सभोवतालचा होता. तरीही माणसात तो पूल भरवशाने बांधणे अजून साधलेले नाही.

दुसरी वाट विजेची, आणि व्हिडिओतला माणूस या वाटेवरचा आहे. मी पडलो त्याच महिन्यात अमेरिकेतल्या लुईव्हिल इथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केले, की मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड, म्हणजे विजेची बारीक टोके, बसवून मंद प्रवाह सोडल्यावर छातीखाली अधू झालेला एक तरुण स्वतःचे वजन पेलून उभा राहिला. हा प्रवाह पाय हलवत नाही. तो खालच्या भागाला इतका जागा ठेवतो, की वरून येणारा क्षीण निरोपही पुरा पडावा. पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कुर्तीन आणि ब्लॉक यांच्या गटाने २०२३ मध्ये मेंदूवरचे इलेक्ट्रोड आणि पाठीतले यंत्र बिनतारी जोडले. व्हिडिओतला तो रुग्ण, खेर्त-यान ओस्काम, मी पडलो त्याच वर्षी चीनमध्ये सायकलवरून पडला होता. परंतु त्याची दुखापत मानेची आणि अर्धवट होती. काही तंतू वाचलेले होते. माझी दुखापत पूर्ण गणली जाते. ओस्कामच्या मागे अनेक वर्षांचा सराव होता, हेही व्हिडिओच्या त्या एका मिनिटात दिसत नाही. शिवाय ही पद्धत अजून चाचणीच्या टप्प्यावर आहे.

खरे सांगायचे तर, मला हवे ते चालणे नाहीच. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. गेल्या हिवाळ्यात तिच्या संसर्गाने थंडीताप भरला आणि मी दहा दिवस दवाखान्यात होतो. रोज आरशात पाहून बूड तपासावे लागते, कारण तिथली जखम मला दुखत नाही. २००४ मध्ये अशा ६८१ लोकांना विचारले तेव्हा हात अधू असलेल्यांपैकी सर्वाधिक जणांनी हात आधी मागितला, आणि माझ्यासारख्यांपैकी सर्वाधिक जणांनी ज्या गोष्टी पाहुण्यांसमोर बोलत नाहीत त्या. संशोधनही आता तिकडे वळले आहे. मानेवर वरून चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने हातांना मदत करणाऱ्या एका यंत्राची चाचणी ६० जणांवर झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने त्याला परवानगी दिली. चालण्याच्या व्हिडिओइतके ते कोणी पुढे पाठवले नाही.

स्टेम सेलबद्दलही, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराबद्दलही, विचारता. माझ्या एका नात्यातल्या माणसाने मुलासाठी दोन एकर विकून एका दवाखान्यात सुया घेतल्या. मुलगा आजही बाजेवर आहे. आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की रक्ताचे काही आजार वगळता हा उपचार मान्य चाचणीबाहेर करू नये. चाचणीच्या नावाखाली कोणी लाखांचा आकडा सांगितला तर तिथूनच परत फिरावे.

उद्या काही चांगले निघालेच, तर आखडलेले सांधे आणि चिघळलेली जखम घेऊन कोणी मला दारातही उभे करणार नाही, म्हणून मी रोज संध्याकाळी पायांना आधाराचे कॅलिपर बांधून, खिडकीचे गज धरून अर्धा तास उभा राहतो. बायको मागे पट्टा धरते. आता चारची वेळ टळून गेली आहे. नळी घालायची आहे, तेव्हा इथेच थांबतो.