नकाराचं पत्रसुद्धा चिकटवून ठेवतात इथे

मागच्या शनिवारी शेजारच्या आजींकडे गेले होते. इथे युटाहमध्ये सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात पण पंच्याहत्तरीच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून आजी. त्यांनी स्क्रॅपबुक काढलं, बारा बाय बारा इंचाचं पान, डावीकडे त्यांचा सुटातला फोटो आणि उजवीकडे १९८४ चं पत्र, नोकरी नाकारल्याचं! चारी कोपरे नीट बसवलेले. खाली हाताने लिहिलेलं, मुलाखतीत काय विचारलं, मला काय आलं नाही, परत येताना गाडीत काय ठरवलं. मी बघतच राहिले.

आपण असं पत्र कुणाला दाखवू का हो? आपल्याकडे असते ती फाइल. मार्कशीट, डोमिसाइल, सगळं लॅमिनेट करून. माझी तर विमानात हँडबॅगेतून आली, जिवापाड जपून. आणि इथे तीन मुलाखती झाल्या, एकानेही ती उघडायला सांगितली नाही. विचारतात काय तर "वरिष्ठांशी मतभेद झाला तो प्रसंग सांगा". चाकणला सात वर्षं क्वालिटीत काढली मी, पण त्या क्षणी एक प्रसंग आठवेल तर शपथ. वर "मग चार वर्षं घरीच होता का?" अरे व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, घरी बसायची हौस नव्हती मला! हा प्रश्न ज्या सुरात विचारतात ना तो अजून डोक्यातून जात नाही, भांडी घासताना पण मी मनातल्या मनात उत्तरं देत असते.

आजी म्हणाल्या, पान कर त्याचं. हे त्यांच्या मातीतलंच आहे म्हणा, १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका परिषदेत स्पॅनिश फोर्क गावच्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन बाईंनी घरची पन्नासेक स्क्रॅपबुकं मांडली, पुढच्या वर्षी दुकान काढलं आणि हे वेड देशभर गेलं. कागद अ‍ॅसिड-फ्री हवा नाहीतर फोटो पिवळे पडतात, आणि फेविकॉल तर चालतच नाही.

मी पहिलं पान केलं ते चाकणच्या कंपनीतल्या बुशच्या लॉटचं, बुश म्हणजे यंत्रात बसतो तो नळीसारखा भाग. त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, अंडरसाइज होता, डिस्पॅचची गाडी दारात उभी, साहेब म्हणतात सोडून दे, मी सही केली नाही. कंपनीचा कागद लावायचा नाही म्हणून व्हर्नियरचं, म्हणजे माप घ्यायच्या साधनाचं, चित्र काढलं आणि बाजूला पाच ओळी, काय अडलं, मी काय केलं, पुढे काय झालं. दोन तास गेले त्या पाच ओळींना, पण मुलाखतीत मागतात तो प्रसंग हाच की! आता अकरा पानं झालीत. घरी बसलेल्या चार वर्षांचीही तीन आहेत, त्यातल्या एकावर लायब्ररीतला व्हॉलंटियरचा बिल्ला.

आता कुणी म्हणेल अमेरिकेत गेली आणि चिकटवाचिकटवीचं कौतुक सांगायला लागली. तर ऐका, हे आमच्या घरी आधीपासून होतं. आईची शिवणक्लासची फाइल! पानापानावर टाचलेले नमुने, हेम, चुण्या, प्लॅकेट, वीतभर झबलं. तीच फाइल दाखवून तिला शाळेत शिवणाचं काम मिळालं होतं, मार्कशीट कुणी बघितली नव्हती. आपल्या बायका हे कधीपासून करतायत, फक्त त्याला करिअर कुणी म्हटलं नाही.

रात्री आईला फोन केला, म्हटलं फोटो पाठव फाइलचे. तिने माळ्यावरून काढून बत्तीस फोटो पाठवले व्हॉट्सअ‍ॅपवर. काजाच्या पानावर एक वेडंवाकडं काज, त्याखाली बाईंच्या लाल शाईत "पुन्हा करा", आणि शेजारी दुसरं, सरळ. विचारलं तिला, पहिलं काढून का नाही टाकलंस गं? म्हणाली, "अगं, मग दुसरं कसं जमलं ते कसं कळणार?"

त्या पानाची प्रिंट काढून आणलीये आज. आजींना दाखवायला नेतेय.