पॉप्टी पिंग

वेल्श भाषेत मायक्रोवेव्हला ‘पॉप्टी पिंग’ म्हणतात, अशी एक लाडकी थाप इंग्लंडभर फिरत असते. अगदीच थाप नाही म्हणा. वेल्श घरांतही गमतीने हा शब्द वापरतात. पण कोशातला शब्द ‘मेइक्रोडॉन’. टॉन म्हणजे लाट, समासात तिचा डॉन होतो. थोडक्यात, सूक्ष्मलहरी! त्यामुळे बाहेरच्या कुणी पॉप्टी पिंग म्हणून दात काढले की काही वेल्श मंडळी वैतागतात, आणि त्यांचं वैतागणं मला पटतं. भाषाशुद्धीची टर उडवायला आपल्याकडेही सिग्नलची ‘अग्निरथगमनागमनसूचक लोहपट्टिका’ केलेलीच आहे. स्टेशनात ती कुणाला दिसली नाही, पाठ मात्र पुष्कळांना.

तरीही माझा या शब्दावर जीव आहे, तो त्याच्या पूर्वार्धामुळे. ‘पॉबी’ म्हणजे पाव वगैरे भाजणं, ‘टी’ म्हणजे घर. जोडून बोलताना ब चा प झाला आणि पॉप्टी तयार. मुळात हे खरोखरचं घर, भट्टीचं. पुढे ते आकसत आकसत स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मावलं. तेही उत्तर वेल्समध्ये. दक्षिणेत ओव्हनला ‘फुर्न’ म्हणतात, तो लॅटिनकडून आलेला.

हा पॉबी दिसायला परका, पण नात्याने आपल्या पक्वान्नांचा चुलतभाऊ. संस्कृत ‘पच्’, लॅटिन ‘कोक्वेरे’, वेल्श ‘पॉबी’. ओढूनताणून वाटतंय? मग पाच मोजा: संस्कृत ‘पञ्च’, लॅटिन ‘क्विंक्वे’, वेल्श ‘पिम्प’. प चा क, क चा पुन्हा प. दोन्हीकडे चाल तीच. स्वयंपाकातला पाक आणि पॉप्टीतला पॉब एकाच धातूचे निघाले, याचा मला उगाचच फार आनंद होतो.

पिंग मात्र कालपरवाचं पोर. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत विक्रीला आलेला पहिला मायक्रोवेव्ह माणसाएवढा उंच आणि तीनशे किलोंहून जड होता. ओट्यावर मावणारा यायला १९६७ उजाडलं. त्या काळच्या पिळायच्या टायमरला छोटी घंटी असे, तीच ही पिंग. आताचे बहुतेक ओव्हन पिंग करतच नाहीत. आमचा तर बीप-बीप करतो, आणि दार उघडून पोहे बाहेर काढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने पुन्हा टोकत राहतो.