पुण्याचा कोड १६ झाला तेव्हा

माझ्या मामांचा पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचा घाऊक धंदा आहे. मुख्य दुकान पुण्यात, शाखा कोल्हापूर, सांगली, सातारा आणि मडगावला. त्यांच्यासाठी बिलं छापायचा प्रोग्रॅम मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून दिला. सुरुवातीला शाखांचे पत्ते, फोन, प्रिंटरचं नाव, सगळं कोडमध्येच होतं. मग सांगलीच्या दुकानाची जागा बदलली आणि त्या एका पत्त्यासाठी मला पाचही ठिकाणच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम नव्याने चढवावा लागला. त्याच दिवशी ठरवलं, बदलणारी प्रत्येक गोष्ट कोडबाहेर एका साध्या फाइलमध्ये जाईल. हिशेब बघणाऱ्या काकूंना ती नोटपॅडमध्ये उघडून बदलता आली पाहिजे.

पहिली फाइल आयएनआय पद्धतीची, म्हणजे एकेका ओळीत ‘नाव = माहिती’ अशी, केली. माझ्या लॅपटॉपवर छान चालली. पुण्यात मात्र रात्री टास्क शेड्युलरने (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणारी विंडोजची सोय) आपोआप निघणाऱ्या स्टॉकच्या यादीवर मी कोडमध्ये चाचणीसाठी घातलेला पत्ता येऊ लागला. मी कोडमध्ये फाइलचं नुसतं नाव दिलं होतं. असं नाव दिलं की प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू झाला तिथे फाइल शोधली जाते, आणि शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा असल्यामुळे शोध विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये चालला होता. तिथे ती असणार कुठून? पण तक्रार आली नाही, कारण अशा फाइली वाचणारा पायथनचा कॉन्फिगपार्सर फाइल सापडली नाही तर गप्प पुढे जातो. वाचलेल्या फाइलींची यादी तेवढी परत देतो, आणि ती मी तपासतच नव्हतो. आता फाइलचा रस्ता प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जागेवरून काढतो, आणि फाइल नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

एकेका शाखेखाली चार-पाच गोष्टी मांडायच्या होत्या, म्हणून पुढे यॅमल घेतलं, म्हणजे ओळी आत सरकवून माहिती मांडायची पद्धत. दिसायला सुटसुटीत, काकूंनाही आवडलं. आठवडा नीट गेला आणि मामांचा फोन आला.

“अरे, कोल्हापूरच्या बिलावर फोन नंबरच्या आधी हे १५३ काय छापतोयस? गिऱ्हाइकं विचारतायत.”

फाइल उघडली. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१, अगदी बरोबर लिहिलेला. दोन तास मी बिलाच्या छपाईचा कोड उलटापालटा करत बसलो. शेवटी फाइल वाचून झाल्या क्षणी हातात काय येतं तेच स्क्रीनवर छापून पाहिलं. पुणे १६. कोल्हापूर १५३. सांगली १५५. सातारा ११३८. आणि मडगाव ०८३२, जसंच्या तसं!

त्या मडगावकडे मी बराच वेळ बघत राहिलो. एकटं तेच कसं वाचलं? मग लक्षात आलं, त्यात ८ आहे. यॅमल वाचायला मी वापरत असलेलं पाययॅमल यॅमलच्या १.१ या जुन्या आवृत्तीचे नियम पाळतं. त्या नियमांत शून्याने सुरू होणारी आणि फक्त ० ते ७ हेच अंक असलेली संख्या अष्टमान पद्धतीची, म्हणजे दहाऐवजी आठाने मोजलेली, धरतात. पुण्याच्या ०२० मधले २ म्हणजे दोन आठ, झाले सोळा. अष्टमानात ८ हा अंकच नसतो, म्हणून ०८३२ ला ते संख्या मानत नाही, साधा मजकूर म्हणून सोडून देतं. २००९ च्या १.२ आवृत्तीत हा नियम बदलला, पण त्या नियमानेही ०२० चे वीस झाले असते. पुढचं शून्य गेलंच असतं.

मग बाकीच्या नोंदीही तपासल्या. दुकान उघडायची वेळ ०९:३० शाबूत होती. बंद व्हायची वेळ २०:३० मात्र १२३० झाली होती. शून्याने सुरू न होणारे, मध्ये विसर्गचिन्ह असलेले आकडे तिथे साठमानाने मोजले जातात: वीस साठ बाराशे, वर तीस. ही वेळ अजून कुठे छापली जात नव्हती, म्हणून कुणाच्या नजरेला आली नव्हती. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली.

अवतरणचिन्हं घातली की हे सगळं सुटतं, आणि मी घातलीही. तेवढ्यात मामांना बिलावर शाखांची नावं मराठीत हवी झाली. आधी ‘सांगली’ एवढंच लिहून पाहिलं, तर कागदावर डोक्यावर रेघ असलेली रोमन अक्षरं आणि मधेमधे गोल चिन्हं उमटली. मग ‘कोल्हापूर’ लिहिलं, तर प्रोग्रॅम उघडेचना. दुकानांतल्या विंडोजवर मी एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या आकड्यांत साठवली आहेत ते) न सांगता फाइल उघडत होतो, म्हणून युटीएफ-८ मधली फाइल तिथल्या जुन्या पाश्चात्त्य कोडपेजने, म्हणजे अक्षरांच्या तक्त्याने, वाचली जात होती. त्या तक्त्यात ‘सांगली’च्या प्रत्येक बाइटला काही ना काही चिन्ह आहे. ‘ल्हा’मधल्या हलन्ताच्या शेवटच्या बाइटला काहीच नाही, तिथेच ते अडलं. खरं तर ‘कोल्हापूर’ने उपकारच केले. नुसत्या ‘सांगली’वर मी प्रिंटरच्या फॉन्टला दोष देत बसलो असतो.

आता सगळं टॉमल या तिसऱ्या पद्धतीत आहे. पायथन ३.११ पासून ते वाचणारं टॉमलिब सोबतच येतं. ते फाइल बायनरीतच, म्हणजे कच्च्या बाइटांतच, उघडायला लावतं आणि टॉमल युटीएफ-८ मध्येच असावं लागतं, त्यामुळे विंडोजच्या तक्त्याचा प्रश्न उरत नाही. शून्याने सुरू होणारी उघडी, अवतरणचिन्हांबाहेरची पूर्ण संख्या त्याला चालतच नाही. शिवाय वाचून झाल्यावर मी प्रत्येक शाखा तपासतो: कोड मजकूर आहे ना, शून्याने सुरू होतो ना, वेळ ही वेळच आहे ना.

मागच्या महिन्यात लातूरची शाखा निघाली. काकूंनी मला न विचारता स्वतःच फाइलमध्ये भर घातली आणि ०२३८२ हा कोड अवतरणचिन्हांशिवाय लिहिला. आधीच्या फाइलमध्ये हा ८ मुळे निव्वळ नशिबाने निभावला असता. इथे प्रोग्रॅम थांबला आणि मी लिहून ठेवलेली ओळ स्क्रीनवर आली: “शाखांची फाइल वाचता आली नाही. ओळ ३१ पाहा. शून्याने सुरू होणारे आकडे अवतरणचिन्हांत लिहा.”

संध्याकाळी काकूंनी लातूरच्या पहिल्या बिलाचा फोटो पाठवला. मी आधी फोन नंबर बघितला. ०२३८२ होतं.