चिंगीची हजामत

पहिल्या दिवशी आमच्या कुत्रीची, चिंगीची, डावी बाजू कापून झाली आणि तिने संप पुकारला. टेबलावरून उडी मारायला निघाली, मी कशीबशी पकडली, खाली सोडली, ती थेट पलंगाखाली. उजवी बाजू तशीच झिपरी. आईने दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं आणि म्हणाली, "इकडून उंदीर दिसतेय, तिकडून केरसुणी." पुढचे चार दिवस चिंगी तशीच फिरली आणि मी तिला फिरायला न्यायला लाजत राहिले.

चिंगी शित्झू आहे, सहा किलोची. या जातीचे केस ठरावीक लांबीवर थांबत नाहीत, आपल्यासारखे वाढतच राहतात. म्हणून दर सहा आठवड्यांनी ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांच्या न्हाव्याकडे, फेरी, म्हणजे वर्षाला आठ-नऊ. एकदा बसून हिशेब केला तर क्लिपर (केस कापायचं मशीन), ब्रश, कंगवा, कात्री असं सगळं साहित्य साधारण चार फेऱ्यांच्या खर्चात येत होतं. म्हणजे सहा महिन्यांत पैसे वसूल! कागदावर हिशेब फार देखणा होता. त्यात माझी कंबर धरलेली नव्हती आणि चिंगीचा स्वभावही.

सुरुवातच चुकली. क्लिपर मागवायच्या आधी "बघू तरी" म्हणून नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर लावला. कुत्र्याच्या दाट केसांत तो अडकतो आणि कापण्याऐवजी उपटतो. चिंगी एकदाच केकाटली, पण त्यानंतर कुठलीही घूं-घूं ऐकली की पलंगाखाली. मिक्सर लावला तरी. खरा क्लिपर आला तेव्हा आठ दिवस मी तो फक्त चालू करून शेजारी ठेवायचे आणि तिला खाऊ द्यायचे. मग बंद क्लिपर पाठीवर फिरवायचा, मग चालू करून त्याची मागची बाजू अंगाला टेकवायची. चाटत राहायला पीनट बटर देण्याची युक्ती चांगली चालते, फक्त डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते वाचून घ्यावं. साखरेऐवजी घालतात तो हा गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी असतो.

दुसरी चूक जास्त महागात पडली. मी आधी अंघोळ घातली. स्वच्छ कुत्र्याचे केस कापायला सोपे जातील असं मला वाटलं. झालं उलटंच. केसांतले गुंते पाण्याने आवळत गेले आणि वाळल्यावर कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली अक्षरशः नमदा तयार झाला. कात्री घेऊन बसले होते, पण सुदैवाने आधी नेहमीच्या ग्रूमरला फोन केला. गिऱ्हाईक तुटतंय हे कळत असूनही तो नीट बोलला, याचं मला अजून कौतुक वाटतं. "ताई, कात्री बाजूला ठेवा. गुंत्यात कातडी ओढली जाते, तुम्हाला ती दिसणार नाही." गुंता फार घट्ट असेल तर तो सोडवत बसायचं नाही, त्याच्या खालून क्लिपर चालवून तो काढून टाकायचा. अंगभर कातडीला चिकटलेले असतील तर घरी हातच लावायचा नाही, सरळ डॉक्टरांकडे न्यायचं.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "तुम्ही वरवर ब्रश मारता." खरंच होतं. वरून रेशीम, आत नमदा. आता मी भांग पाडत जाते. केसांचा एक थर वर उचलून धरायचा, खालची कातडी दिसली पाहिजे, मग स्लिकर ब्रशने (बारीक तारांचे दात असलेल्या) तो पट्टा विंचरायचा, मग त्याच्या वरचा थर सोडायचा. गुंता लागला की केस मुळाशी मुठीत धरायचे आणि टोकाकडून सुटत मुळाकडे यायचं, लहान मुलीची वेणी घालताना करतो तसंच. शेवटी स्टीलचा कंगवा. तो मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडकता गेला, तरच अंघोळ. रोजची दहा मिनिटं. कापणं सहा आठवड्यांतून एकदा, पण ही दहा मिनिटं चुकली की त्या दिवशी कापण्यासारखं काही उरतच नाही, नुसतं भादरावं लागतं.

ब्लेडच्या नंबरांनी मला चांगलंच फसवलं. मोठा नंबर म्हणजे मोठे केस असं मी धरून चालले. प्रत्यक्षात उलटं असतं. १० नंबरचं ब्लेड जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं, ७ नंबरचं तीन मिलिमीटरच्या आसपास, ४ नंबरचं नऊच्या वर. आईला दिसलेला उंदीर तो हाच, १० नंबरने घडवलेला. आता ते मी फक्त पोटाखाली, शेपटीखाली आणि पंजांच्या गाद्यांमधले केस काढायला वापरते. अंगावर, केस वाढतात त्याच दिशेने, लांब ठेवणारं ब्लेड. काखेत, जांघेत आणि कानाच्या कडेला कातडी कागदासारखी पातळ आणि सैल असते, तिथे ती बोटांनी ताणून धरल्याशिवाय क्लिपर टेकवत नाही. शिवाय ब्लेड तापतं. दर काही मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, मला चटका बसला तर तिलाही बसणार. गार होईतो थांबायचं, तेलाचे दोन थेंब टाकायचे.

आता नखं. याबद्दल लिहायला अजून जिवावर येतं.

चिंगीची नखं काळी आहेत. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, काळ्यात काहीच दिसत नाही. उजव्या पंजाचं तिसरं नख मी जरा जास्त कापलं आणि भळाभळा रक्त आलं. एवढ्याशा नखातून इतकं रक्त येतं हे माहीत नव्हतं. लेक रडायला लागली, चिंगी पांढऱ्या चादरीवरून पळाली, मी मागे. घरात रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर नव्हती. कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन नखावर दाबून धरलं, दोन-तीन मिनिटांत थांबलं. त्या दोन-तीन मिनिटांत मी ग्रूमरच्या सगळ्या बिलांची मनोमन माफी मागितली. आता दर आठवड्याला तांदळाच्या दाण्याएवढाच तुकडा काढते आणि कापलेल्या जागेकडे बघते. मध्यभागी गडद ठिपका दिसायला लागला की थांबायचं, पुढे शीर आहे. आणि पायाच्या आतल्या बाजूला वर एक अंगठा असतो, त्याचं नख जमिनीवर घासत नाही, म्हणून गोल वाढत जातं. ते मी दोन महिने विसरले होते. कातडीत रुतण्याच्या बेतात होतं.

अंघोळीचं फारसं काही नाही. कुत्र्याचाच शाम्पू (आपला त्यांच्या कातडीला कोरडा पडतो), कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, ड्रायर गार किंवा अगदी कोमट. बोटांच्या मधली जागा ओली राहू द्यायची नाही. कानात कापसाची काडी घालत नाही, त्यांच्या कानाची नळी वळणाची असते, मळ आणखी आत जातो. शेपटीखालच्या ग्रंथी दाबायच्या भानगडीत मी पडले नाही. काही त्रास नसेल तर त्या दाबाव्या लागतच नाहीत, आणि त्रास असेल तर ते काम डॉक्टरांचं.

माझा थोडा लौकिक झाल्यावर शेजारची त्यांचा पॉमेरेनियन घेऊन आली, "उकाडा आहे, याचंही मशीन मार." मी नाही म्हटलं. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीचा आणि वरचा राठ. तो बारीक भादरला तर पुन्हा पूर्वीसारखा येईलच याची खात्री नसते, आणि ऊनही थेट कातडीला लागतं. त्याला नुसतं नीट विंचरून आतली गळकी लोकर काढली तरी पुरतं. ती रुसली. रुसू दे.

चेहरा मात्र मला जमत नाही. डोळ्यांजवळ कात्री नेली की माझाच हात थरथरतो, बोथट टोकाची असली तरी. म्हणून वर्षातून तीन वेळा ग्रूमरकडे जाते, मधल्या काळात डोळ्यांत जाणारे केस वर बांधून ठेवते. म्हणजे सगळे पैसे वाचले नाहीत, निम्म्याहून थोडे जास्त वाचले. त्यातून दुसरं ब्लेड आलं, टेबलावर घालायची रबरी चटई आली (घसरत असेल तर कुठलंच कुत्रं स्थिर उभं राहत नाही), आणि स्टिप्टिक पावडर, अर्थातच.

आता कंगवा काढला की चिंगी स्वतःहून चटईवर येऊन आडवी होते. पोट देते, कान देते, डावा पंजा देते. उजवा मात्र अंगाखाली दुमडून ठेवते, आणि मी खाऊचा डबा उघडेपर्यंत माझ्याकडे बघत राहते.