घड्याळ बरोबर, वेळ चूक

लग्नात सासऱ्यांनी दिलेली एचएमटी 'जनता', म्हणजे किल्लीचं मनगटी घड्याळ, सर्व्हिसिंगला टाकली, तेव्हा ती दिवसाला जेमतेम मिनिटभर मागे पडत होती. तक्रार म्हणून काही नव्हती. बरीच वर्षं उघडली नव्हती, आत तेल वाळलं असणार, म्हणून इथं कोल्हापुरात महाद्वार रोडकडच्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडं दिली. परत आली ती चकाचक होऊन. काच पॉलिश, पट्टा नवा. आणि सकाळी मिळवलेली वेळ संध्याकाळपर्यंत आठ-दहा मिनिटं मागे!

"काय न्हाई हो, नवीन ऑइल हाय. चार दिस घाला, बसतंय," असं ऐकायला मिळालं. पुढच्या खेपेला त्यांनी मागचं झाकण काढलं, घड्याळाची चाल कमी-जास्त करणारी रेग्युलेटरची बारीक दांडी फास्टच्या बाजूला सरकवली आणि झाकण लावून टाकलं. तरी घड्याळ मागेच. आज चार मिनिटं, उद्या बारा, परवा सहा.

मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. एखादं मशीन रोज सारखंच चुकत असेल तर ते सेटिंगचं काम. रोज वेगळं चुकत असेल तर कुठंतरी काहीतरी सैल आहे किंवा अडकतंय. मग दांडी कितीही सरकवा, उपयोग काय?

शॉपमधल्या पोरांनी लगेच निदान केलं, "काका, मॅग्नेट लागलं असंल." शंका चुकीची नव्हती. आमच्याकडं सरफेस ग्राइंडरचं मॅग्नेटिक चक, डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड, सगळं हाताखाली असतं. पण लोहचुंबकानं हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटले, की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पुढं पळायला लागतं, तेही चांगलंच. माझं मागं पडत होतं. होकायंत्र जवळ धरून बघितलं, सुई ढिम्म. तो विषय संपला.

मग राजारामपुरीत टायमिंग मशीन असलेला एक तरुण कारागीर सापडला. घड्याळ त्या मशीनच्या पकडीत ठेवायचं, आतला माइक टिकटिक ऐकतो आणि स्क्रीनवर ठिपक्यांच्या रेघा उमटतात. 'जनता'चं मशीन तासाला 18,000 ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला पाच. ठोके त्याहून लवकर पडले की रेघ वर चढते, उशिरा पडले की खाली उतरते. बॅलन्स व्हील, म्हणजे त्या हेअरस्प्रिंगवर पुढं-मागं झुलणारं चाक, किती अंशांत झुलतंय तेही दिसतं. पूर्ण किल्ली देऊन आडवं ठेवलेलं निरोगी घड्याळ 270 ते 300 अंश दाखवतं. माझं 260च्या आसपास. वयाच्या मानानं झकास.

रेघ मात्र वर चढत होती.

"तुमचं फास्ट हाय की! दिवसाला चाळीस सेकंद."

"अहो, माझं मागं पडतंय."

त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. मी गप्प. दांडी फास्टला सरकवलेली होती, त्यामुळं मशीन म्हणत होतं ते खरंच होतं. पण माझा मिनिटकाटाही खोटं सांगत नव्हता.

घरी येऊन मोबाइलची वेळ शेजारी ठेवली आणि सेकंदकाटा आणि मिनिटकाटा वेगवेगळे तपासले. हे आधीच कुणी सांगायला हवं होतं. सेकंदकाटा बाराला असताना मिनिटकाटा बरोबर एका रेघेवर आणून ठेवला. रात्री जेवणानंतर बघतो तर सेकंदकाटा मोबाइलच्या दोन-तीन सेकंद पुढं, अगदी मशीननं सांगितल्यासारखा. मिनिटकाटा तीन मिनिटं मागं, तोही दोन रेघांच्या मध्ये लोंबकळत. म्हणजे आतलं मशीन धावत होतं, पण काटे त्याच्याबरोबर जात नव्हते.

दुसरी खूण बोटांनाच कळली. या घड्याळात किल्ली ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. तो थांबवायची जुनी युक्ती अशी: किल्ली ओढून काटे मागे फिरवायच्या दिशेनं अगदी हलका ताण द्यायचा. काटा जागेवर थबकतो, सेकंद जुळला की सोडायचं. सर्व्हिसिंगनंतर हे होईना. ताण दिला की काटे नुसतेच मागं सरकत, सेकंदकाटा आपला चालूच. किल्ली फिरवताना पूर्वी लागणारा तो लोण्यासारखा जडपणाही गेला होता.

हे सांगितल्यावर राजारामपुरीतल्या पोराचे डोळे चमकले. त्यानं विचारलं, "तासकाटा काय करतोय? मिनिटकाट्याबरोबर मागं राहतोय, का बरोबर चाललाय?" दोघं जोडीनं मागं राहत होते. मिनिटकाटा नुसता सैल बसला असता, तर तासकाटा बरोबर राहिला असता. दोघं मिळून घसरतात म्हणजे दोष खाली, कॅनन पिनियनमध्ये. ही एक छोटी दातेरी नळी. मधल्या चाकाच्या दांड्यावर ती घट्ट, पण अगदी मर्यादेत घट्ट बसते. एरवी दांड्याबरोबर फिरते आणि आपण वेळ मिळवतो तेव्हा दांड्यावर घसरते. सैल झाली की नको तेव्हाही घसरते. टायमिंग मशीन ऐकतं फक्त बॅलन्सचे ठोके. काटे कुठं आहेत, त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

सर्व्हिसिंगनंतरच असं का व्हावं? त्याचं म्हणणं मला पटलं. नळी आधीच झिजलेली असते, जुनं वाळलेलं ग्रीस तिला धरून ठेवतं. ते धुऊन निघालं, नळी ओढून काढताना आणखी सैल झाली, की झीज उघडी पडते. धुणं चूक नव्हे. परत बसवताना पकड न तपासणं ही चूक, आणि त्यावर रेग्युलेटर सरकवणं म्हणजे क्लच घसरतोय म्हणून ॲक्सिलरेटर पिळणं.

त्यानं काटे, डायल उतरवून नळी काढली, आत बारीक सुई घालून बाहेरून हत्यारानं जराशी चेपली. सुई नसती तर नळी पार बसली असती. जास्त आवळली तर काटे फिरवताना दात तुटायची भीती, म्हणून पुन्हापुन्हा बसवून किल्लीचा जडपणा बोटांनी बघत होता. शेवटी कणभर ग्रीस, आणि रेग्युलेटरची दांडी परत मधे.

आता दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक पडतो. दिवसाच्या 86,400 सेकंदांत तीस म्हणजे 100 मिलिमीटरच्या बोअरवर, म्हणजे भोकावर, 35 मायक्रॉन. आमच्याकडं एच-7 या दर्जाचा जॉब याच टॉलरन्सवर, म्हणजे एवढ्या चालणाऱ्या फरकावर, पास होतो. रात्री डायल वर करून आडवं ठेवलं तर थोडं पुढं जातं, किल्ली वर करून उभं ठेवलं तर थोडं मागं पडतं, त्यामुळं आठवड्याचा फरक रात्री घड्याळ कसं ठेवायचं ते बदलूनच मिटवता येतो. महाद्वारवाल्यांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग मी म्हणत न्हवतो, बसतंय म्हणून?"