मर्सिडीज २४०डी, पावसाळ्याची नोंद: आधी व्हॅक्यूम, रंग दिवाळीनंतर

पुण्यात जून ते सप्टेंबर गाडीच्या रंगाला हात लावायचा नाही, एवढं ठरवलं की पावसाळ्याची कामं आपोआप ठरतात. टू-के (दोन भाग मिसळायच्या) रंगाच्या हार्डनरमधला आयसोसायनेट रंगाआधी हवेतल्या पाण्याशीच जमवून घेतो. थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर न दिसणारं दव धरतं आणि रंग वाळल्यावर वर दुधी झाक येते. ती निदान पॉलिशने निघते. खालची लांबी (पुट्टी) ओलावा पिऊन बसली असेल तर मात्र पुढच्या एप्रिलच्या उन्हात तिथे फोड येतात, आणि बोल रंगाऱ्याला लागतो. तेव्हा हे चार महिने इंजिन, व्हॅक्यूम, डिझेलची लाइन आणि आतला पत्रा.

गाडी १९८१ची, मर्सिडीजच्या भाषेत डब्ल्यू १२३ मॉडेल. ओएम ६१६ इंजिन, चार सिलिंडर, २३९९ सीसी, ७२ अश्वशक्ती, चार गिअर. सनरूफ आहे, व्हॅक्यूमवरचं सेंट्रल लॉक आहे. जूनच्या सुरुवातीची तक्रारयादी: किल्ली काढली तरी इंजिन बंद होत नाही, सकाळी सेल्फ फार मारावा लागतो, आणि हायवेला पाच-सात किलोमीटर नीट पळाल्यावर पिकअप बसतो.

सुट्या भागांबद्दल आधी, कारण इथे पुण्याचं नशीब चांगलं आहे. हेच ओएम ६१६ इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, बनवलं आणि ट्रॅव्हलर, ट्रॅक्समध्ये वर्षानुवर्षं घातलं. त्यामुळे इंजिनाच्या आतल्या बऱ्याच वस्तू नाना पेठेत ‘ट्रॅव्हलरचं द्या’ म्हटलं की समोर येतात. जुना नमुना खिशात ठेवा आणि काउंटरवरच जुळवा. पिस्टन-रिंगांच्या बाबतीत तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजल्याशिवाय दुकानात जाऊच नका: १९७८पर्यंतच्या २४०डीचा बोअर ९१.० मिमी, त्यानंतरच्यांचा ९०.९. दशांश मिलिमीटरचाच फरक, पण त्यात इंजिन जातं. ट्रॅव्हलरचं अख्खं इंजिन टाकण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नये. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीलाच ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो. ही गाडी २०३१मध्ये तिथे पोचेल, तोवर मूळ ब्लॉक जागेवरच हवा.

उलट पिंपरीत १९९५पासून जोडल्या गेलेल्या पुढच्या पिढीच्या डब्ल्यू १२४वर हात बसलेले मेकॅनिक ‘मर्सिडीजला टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हचा गॅप जुळवणं) नसतं’ असं ठामपणे सांगतात. त्यांच्या गाडीपुरतं ते खरं आहे, तिला हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ६१६ला नाहीत.

आता व्हॅक्यूम. डिझेलला थ्रॉटलची झडप नसते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होत नाही. ती इंजिनाच्या पुढे बसवलेला वेगळा पंप तयार करतो. त्याच ओढीवर ब्रेक बूस्टर, दरवाज्यांची लॉकं आणि इंजिन बंद करणारा शट-ऑफ चालतो. किल्ली बंदकडे फिरवली की किल्लीमागची छोटी झडप उघडते, ओढ इंजेक्शन पंपाच्या मागच्या शट-ऑफपर्यंत पोचते, तिथला रबरी पडदा डिझेलचं प्रमाण ठरवणारी रॅक ओढतो आणि डिझेल तुटतं. म्हणजे डिकीच्या लॉकमधला पडदा फाटला तरी बोंब इंजिनाकडून येते. काम चालू असेपर्यंत बॉनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेला लिव्हर दाबायचा. गिअरमध्ये टाकून क्लच सोडून इंजिन मारणं हा उपाय नव्हे.

मोजमाप करताना पुण्याची उंची लक्षात घ्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, हवेचा दाब ७६०ऐवजी ७११ मिमी पाऱ्याच्या आसपास. कोणताही पंप इथे पाऱ्याच्या २८ इंचांच्या वर दाखवूच शकत नाही. पुस्तकातल्या आकड्यातून सरळ २ इंच वजा करायचे, नाहीतर चांगला पंप खोलून बसाल. आपल्या पंपाने आयडलला थेट जोडून २२ इंच दिले, म्हणजे पंप ठीक. तरीही तो उतरवून रोलरचं बेअरिंग पाहिलं. ते फुटलं तर तुकडे टायमिंग चेनमध्ये पडतात, त्यामुळे एवढी दोन तासांची मेहनत वाया गेली असं समजू नये.

गळती शोधायला हाताचा व्हॅक्यूम पंप आणि गेज लागतं. पद्धत अशी: बूस्टरची जाड नळी सोडून तिच्यावरून निघणाऱ्या सगळ्या बारीक नळ्या बंद करा. बुचासाठी ड्रिल बिटची गुळगुळीत शेपटी उत्तम, धारेचा भाग बाहेर. इंजिन चालू करून फक्त शट-ऑफची नळी जोडा. किल्ली काढल्यावर दोन सेकंदांत बंद झालं तर दोष लॉकांच्या शाखेत आहे. मग एकेक लॉक सुटं करून १५ इंच ओढायचं आणि पाच मिनिटं सुईवर लक्ष ठेवायचं. चार दरवाजे सगळे बघतात. डिकी आणि डिझेलच्या झाकणाचं लॉक विसरतात. या गाडीत डिकीचं पूर्ण गेलेलं निघालं, ओढ घेतच नव्हतं. मागच्या उजव्या दाराचं पाच मिनिटांत १५वरून ६वर येत होतं.

पण शट-ऑफची नळी काढली तेव्हा तिच्यातून काळं तेल टपकलं, आणि ती खरी खूण. शट-ऑफचा पडदा फाटला की ओढ इंजेक्शन पंपातलं तेल वर खेचते, किल्लीमागच्या झडपेपर्यंत आणि पुढे लॉकांतही. नुसती लॉकं बदलून गाडी चालवली असती तर नवे पडदे त्याच तेलाने वर्षभरात फुगले असते. आधी शट-ऑफ नवा, मग नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन फुंकून कोरड्या, मग लॉकं. जुना शट-ऑफ सरळ ओढून काढू नका. त्याच्या दांड्याचा आकडा आत लिव्हरमध्ये अडकलेला असतो, थोडा तिरपा करून सोडवावा लागतो. नवा बसवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी हातपंपाने ओढून लिव्हर हलतो का, हे पाहाच. जोडांची रबरं सगळी बदलली. मत्स्यालयाची सिलिकॉन नळी स्वस्त आणि मऊ असते, पण तेलाने फुगते आणि ओढीखाली चेपते. तिथे तेल सोसणारंच रबर हवं.

कॉम्प्रेशनलाही उंचीचा हिशोब. नव्या इंजिनाचे २२ ते २४ बार पुण्यात साधारण २०.६ ते २२.५ होतात. गरम इंजिनावर, चारही हीटर प्लग काढून, शट-ऑफ ओढून ठेवून घेतलेली वाचनं: १७.५, १९, १८.५, १५. कंपनीची किमान मर्यादा १५ बार आणि सिलिंडरांतला फरक ३पेक्षा कमी हवा. चौथा किमानच्या काठावर, आणि फरक ४ बारचा. हे पाहून रिंगा टाकायची घाई होते, पण आधी टॅपेट.

थंड इंजिन, इनलेट ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.३०. कोणता व्हॉल्व्ह कुठला हे पाठ करायची गरज नाही, मॅनिफोल्डच्या कोणत्या पायाच्या रेषेत येतो ते पाहा. क्रँक २७च्या सॉकेटने घड्याळाच्या दिशेनेच फिरवायचा, उलटा कधीच नाही. कॅमचं नाक वर गेलं की तो व्हॉल्व्ह मोजायचा. चौदाचे दोन पाने लागतात, वाकवलेले असतील तर सुख: एक लॉकनटला, एक वरच्या टोपीनटला. लॉकनट आवळताना गॅप पुन्हा सरकतो, म्हणून फिलर गेज आत ठेवूनच आवळा आणि नंतर एक माप जाड पान आत जात नाही ना, हेही बघा. चौथ्याचा एक्झॉस्ट ०.१०वर आला होता. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. आवाज न वाढता उलट शांत होतो, म्हणूनच हा दोष कुणाच्या लक्षात येत नाही. सेटिंगनंतर दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजलं: १९, १९.५, १९.५, १८. रिंगांचं काम यादीतून गेलं.

झाकण उघडं होतंच, तेव्हा चेनही पाहून घेतली. कॅमची खूण टॉवरच्या खुणेशी जुळवली तेव्हा पुलीवर ३ अंश दिसत होते. चेन एवढी लांबलेली चालते.

सकाळच्या सेल्फचं उरलेलं कारण मात्र अगदीच क्षुल्लक. हीटर प्लगचा दिवा लागत होता, प्लग चारही मल्टिमीटरवर १ ओहमच्या आत, पण त्यांच्यापर्यंत करंटच नाही. रिलेच्या झाकणाखालच्या ८० अँपिअरच्या पट्टी फ्यूजला केसाएवढी चीर गेलेली. वरून बघून कळत नाही, उतरवून वाकवली की दिसते. प्लग काढलेच होते म्हणून भोकांतला कार्बनही रीमरने साफ केला. रीमरला ग्रीस फासा, म्हणजे कार्बन त्याला चिकटून बाहेर येतो.

पिकअप बसण्याचा दोष टाकीत. पाच-सात किलोमीटर नीट, मग दम, आणि दहा मिनिटं उभी केली की पुन्हा ठणठणीत, असं असेल तर नोझलवाल्याकडे जाण्याआधी टाकीच्या तळाची जाळी काढा. त्या नटाला ४६चं सॉकेट लागतं. मोठ्या पकडीने प्रयत्न केला तर कडा जातात. टाकी जवळपास रिकामी करूनच. जाळीवर शेवाळासारखा काळा थर होता. इंजिन डिझेल ओढतं तसा गाळ जाळीला चिकटतो, उभी राहिली की खाली बसतो. जाळी, पुढचा पारदर्शक छोटा फिल्टर आणि मुख्य फिल्टर एकदमच बदलले. गाळाचा दुसरा हप्ता येतोच, म्हणून एक छोटा फिल्टर डिकीत जास्तीचा ठेवला. डिझेल चढवायचा पांढऱ्या मुठीचा जुना हातपंप लाइनला एअर घेऊ देतो, त्या जागी नवा काळा दाबायचा बसला. नोझल २७च्या खोल सॉकेटने काढून बेंचवर तपासून घेतले. दोन ११५ बारला उघडत होते, दोन १०० आणि १०५ला, ते शिमने वर आणले. नोझलखालची तव्यासारखी वॉशर पुन्हा वापरायची नाही, कितीही चांगली दिसो. आवळण ७० ते ८० न्यूटन मीटर. परतीच्या कापडी नळ्या नव्या.

ब्रेकचं थोडक्यात: पुढचं डावं चाक घासत होतं, कॅलिपर निर्दोष निघाला. चाळीस वर्षांची रबरी नळी आतून फुगली की पॅडलचा दाब जाऊ देते पण परत येऊ देत नाही. सगळ्या नळ्या बदलून डॉट ४ भरलं.

पत्रा. या गाडीची ख्याती ‘कधी मरत नाही’ अशी आहे, ती इंजिनाबद्दल आहे. सीलखालचे (दारांखालच्या पोकळ पत्र्याखालचे) जॅक लावायचे गोल पाइप, बॅटरीची बैठक, मागच्या काचेचा खालचा रबर, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, एवढं चाचपडलं की गाडीची किंमत कळते. इथे उजवीकडचे दोन्ही जॅक पाइप सडलेले. त्यांची रबरी बुचं नव्हती आणि चाकाने उडालेलं पाणी सरळ सीलमध्ये जात होतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ हाताएवढा गेलेला, पण तो खालून नाही, वरून. पाणी सनरूफचं.

सनरूफला चार कोपऱ्यांत चार नळ्या आहेत. पुढच्या दोन दाराच्या चौकटीत बाहेर येतात. गाडी गुलमोहराखाली उभी असली की त्याची बारीक पानं ट्रेमध्ये साठतात, कुजून चिखल होतो, नळी तुंबते आणि पाणी छताच्या अस्तरातून खांबात उतरतं. काँप्रेसरची हवा मारू नका. नळी खांबाच्या आत निखळते आणि मग छताचं अस्तर उतरवावं लागतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन तार, टोक मेणबत्तीवर गोल केलेली, हळूहळू फिरवत घालायची. एका कोपऱ्यात कपभर पाणी ओता, खाली कपभरच मोजून घ्या. बॉनेटमागच्या हवेच्या जाळीखालचं पाणी जायचं भोकही असंच साफ केलं.

तळासाठी २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, सीओटू वेल्डिंग, ०.८ मिमी वायर. गॅसची ज्योत इथे नको, तळ पापडासारखा वळतो. एक टाका इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत नारिंगी होतो, म्हणून सकाळी जेवढा भाग उघडला त्याला त्याच दिवशी इपॉक्सीचे दोन हात. कोपऱ्यांत गंज मारायचं फॉस्फोरिक ॲसिड वापरलं असेल तर पाण्याने धुऊन हॉट एअर गनने पूर्ण कोरडं करा. ॲसिडच्या अंशावर इपॉक्सी धरत नाही, नखाने सुटते. लांबी कुठेही लावलेली नाही, ती ऑक्टोबरात. सीलच्या आत मेणही आत्ताच सोडायचं नाही, रंगाच्या वेळी ते सांध्यांतून झिरपून बाहेर येतं.

गालिचे बाहेरच आहेत. त्यांच्या खालच्या नमद्याचा एक तुकडा वजनकाट्यावर टाकला तेव्हा १,४०० ग्रॅम भरला. पंख्याखाली सहा दिवस ठेवल्यावर ५५० ग्रॅम.