शटरवाला वीस इंची: तिसरा ट्रान्झिस्टर टिकला

मागच्या नोंदीच्या शेवटी "उद्या चित्र दाखवतो" असं लिहून बसलो होतो. त्या उद्याला सव्वा महिना झाला. मधे गणपती आले, गणपतीत लोकांना टीव्ही चालू लागतोच, त्यामुळे दिवसभर एलईडीच्या बॅकलाइट पट्ट्या बदलायच्या आणि रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून या जुन्या टीव्हीपुढे बसायचं, असं चाललं होतं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वीस इंची कृष्णधवल, ऐंशीच्या दशकातला, लाकडी खोका, पुढे सरकतं शटर, शटरला कुलूप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. कोणाचा होता ते खाली येईलच. मालक इथलेच, नीरेतले, शाळेचे एक निवृत्त गुरुजी. भंगारवाला दीडशे देत होता, गुरुजींना देववेना. "चालला तर बघ, नाहीतर राहू दे तुझ्याकडं," म्हणाले आणि टेम्पोतून उतरवून गेले. माझ्या माळ्यावर असे "राहू दे" म्हणून आलेले अकरा सेट आहेत. 'तीस दिवसांत वस्तू न नेल्यास दुकान जबाबदार नाही' अशी पाटी लावलीय खरी, पण न नेलेली वस्तू ठेवायची कुठं हे पाटीवर नाही.

आत झुरळांची अंडी, एक वाळून कागद झालेली पाल आणि परवान्याचं पुस्तक निघालं. तरुण मंडळींना खरं वाटणार नाही, पण टीव्ही बघायला पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते संपलं. गुरुजींनी प्रत्येक शिक्का मुदतीत मारून घेतला होता. पुस्तक पुसून त्यांना नेऊन दिलं.

पॉवर सप्लायमधले सगळे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आधीच बदलले होते. मोठा फिल्टर तर फुगून टोपी घातल्यासारखा झाला होता. ट्यूनरचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले, पूर्वी सीटीसीत (कार्बन टेट्राक्लोराइड) बुचकळून पुसायचो, आता ते मिळत नाही, स्प्रे मारला. ११० व्होल्टची लाईन बरोबर आली. उरला हॉरिझॉन्टल, म्हणजे चित्राच्या आडव्या रेघा मारणारा भाग. त्यातला मूळचा ट्रान्झिस्टर, बीयू २०५, शॉर्ट होता.

पहिला बदली ट्रान्झिस्टर ऑनलाइन मागवला. सिरीज बोर्डवर (यात वीज आधी बल्बमधून जाते) शंभरचा पिवळा बल्ब लावून सेट चालू केला, रास्टर (चित्राविना नुसता पडदाभर उजेड) आला. तासभर ठेवला, काही नाही. बल्ब काढून थेट दिला, वीस मिनिटांनी 'टक' आणि फ्यूज गेला. हॅक्सॉने ट्रान्झिस्टरचं टोपण कापलं, आत चिप तिळाएवढी. मूळच्या मेलेल्याचं टोपणही कापून बघितलं, त्यात हरभऱ्याच्या डाळीएवढी. म्हणजे डुप्लिकेट. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर. डुप्लिकेट मालावर खापर फोडणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सोपा निदानाचा प्रकार.

मग पुण्याला फेरी. तपकीर गल्लीत तीन दुकानांत "कशाला हवाय आता?" ऐकून घेतलं, चौथ्यात एका म्हाताऱ्या काउंटरवाल्यानं न विचारता खालच्या ड्रॉवरमधून जुना साठा काढून दिला. वजनाला भरीव. चिप बघायची तर कापावा लागेल, म्हणून विश्वास ठेवला. घरी येऊन लावला. बल्बवर ठीक. थेट दिल्यावर पुन्हा वीस-बावीस मिनिटांत गेला.

आता डुप्लिकेट म्हणायची सोय नव्हती. एलओटी, म्हणजे नळीला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर, शॉर्ट असेल म्हणून रिंग टेस्ट घेतली, चांगली. योक (नळीच्या मानेवरची, इलेक्ट्रॉन वळवणारी कॉइल) चांगला. ड्रायव्हर स्टेज चांगली. चार दिवस नुसता बघत बसलो.

आणि इथं श्रेय हिचं आहे. दुसरा गेला त्या रात्री ही चहा घेऊन दुकानात आली होती. नंतर जेवताना सहज म्हणाली, "अहो, बंद पडायच्या आधी चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं होतं ना?" मी म्हटलं, उसाच्या मोटारी चालू झाल्या असतील, व्होल्टेज पडलं. आमच्याकडे संध्याकाळी १८० पर्यंत उतरतं, चित्र आक्रसणं नवीन नाही. ती म्हणाली, "पण उजेड वाढला होता."

घास हातातच राहिला. व्होल्टेज पडलं तर चित्र आक्रसतं आणि मंद होतं. आक्रसून लख्ख होत असेल तर ईएचटी, म्हणजे नळीला मिळणारा हजारो व्होल्टचा दाब, वाढतोय. नळीतले इलेक्ट्रॉन जास्त वेगानं येतात, योकला ते पूर्वीइतके वळवता येत नाहीत, म्हणून रुंदी घटते. आणि ईएचटी वाढायचं एक नेहमीचं कारण म्हणजे फ्लायबॅक कंडेन्सर.

लाईन ट्रान्झिस्टर, म्हणजे तोच बीयू २०५, सेकंदाला १५,६२५ वेळा बंद होतो आणि दर वेळी कलेक्टरवर हजारभर व्होल्टचा ठोका उठतो. तो किती उंच जाईल ते या कंडेन्सरवर ठरतं. क्षमता निम्मी झाली तर ठोका साधारण १.४ पट होतो. बीयू २०५ ची मर्यादा १५०० व्होल्ट. म्हणजे अगदी काठावर, आणि तापलेला ट्रान्झिस्टर काठावर फार वेळ थांबत नाही. सिरीज बल्बवर सगळंच कमी असतं म्हणून तिथं तो जगत होता.

कंडेन्सर बघितला तर तो मूळचा नव्हता. दोन ४७२ च्या (प्रत्येकी ४.७ नॅनोफॅरड), दोन हजार व्होल्टच्या सिरॅमिक चकत्या, पाय एकमेकांना पीळ मारून वर सोल्डरचा गोळा. जोडीच्या जोडी काढून मीटरवर लावली: ९.३ नॅनो. हेअर ड्रायरची हवा धरली, तीन-चार मिनिटांत ४.६. गोळ्याच्या आत एक पाय सुटा होता. ड्राय सोल्डर. पाय खरवडून न घेता डाख मारलेला.

कोणी केलं असेल म्हणून मागचं हार्डबोर्डचं झाकण उलटं करून बघितलं. आम्ही तिथं पेन्सिलनं तारीख टाकायचो. '१९-३-९३, लाईन कं.', म्हणजे हाच कंडेन्सर. अक्षर माझं.

तेव्हा मी दुसऱ्यांच्या दुकानात शिकाऊ होतो. बरोबरचा कंडेन्सर मिळाला नसेल, रविवारच्या आत सेट हवा असेल, मालक म्हणाले असतील आत्तापुरतं लाव. हे सगळं "असेल" आहे, मला त्यातलं काही आठवत नाही. पाय खरवडायला अर्धं मिनिट लागतं, एवढं मात्र तेव्हाही माहीत होतं. आणि सिरॅमिक चकती त्या जागी तापते, तिथं पॉलिप्रॉपिलीनच लागतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

रंगीत टीव्हीच्या भंगार किटमधून ९१२ (९.१ नॅनो), १६०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन काढला, मीटरवर तपासला, पाय खरवडले (दोनदा), लावला. ट्रान्झिस्टर त्याच म्हाताऱ्यांकडून आणखी दोन मागवून घेतले, पार्सलचे पैसे वेगळे. रविवारी बल्बशिवाय पाच तास चालवला. चित्राची रुंदी हलली नाही. हिला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिनं बघितलं आणि वरचा कोपरा वाकडा आहे म्हणाली. आहे.

चित्र म्हणजे सेट-टॉप बॉक्समधून आरएफ मॉड्युलेटर (बॉक्सचं चित्र अँटेनाच्या सिग्नलसारखं करून देणारी डबी) लावून. सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्याकडे तोंड करून उभा केलेला आमचा अँटेनाचा पाइप अजून गच्चीवर आहे, पण त्यात आता मुंग्यांशिवाय काही येत नाही. मॉड्युलेटर घेताना एक बघा: चित्र आणि आवाजात ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर देणारा हवा. माझा पहिला ४.५ वाला निघाला, चित्र सुंदर आणि आवाजाच्या जागी खरखर. आणि हा सेट फक्त व्हीएचएफ घेतो, यूएचएफ आउटपुटवाला घेतलात तर दाखवायला ठेवा.

चेसिस थेट मेनवर आहे, त्यामुळे प्लग उलटा बसला तर पत्र्यात फेज येतो. मी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावूनच बसतो, मॉड्युलेटर जोडताना तर नक्कीच. १९९३ मध्ये रबरी चप्पल घालून बसायचो.

राहिलेलं: पिक्चर ट्यूब थकलीय, उजेड यायला चार-पाच मिनिटं घेते. हीटर ६.३ व्होल्टवरून थोडा वाढवायचा मोह होतोय, पण त्यानं नळी लवकर संपते, आणि गुरुजी रोज तासभर बघणार असतील तर आहे तोच बरा. कोपऱ्यासाठी योकच्या कडेचे मॅग्नेट फिरवून बघतो. शटरच्या दोन पट्ट्या तुटल्यात. त्या मागून कापडाला चिकटवलेल्या असतात, आणि ते कापड उंदरानं खाल्लंय. गावातला सुतार प्लायवूड मारून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. कोणाच्या माळ्यावर तसल्या शटरच्या सागवानी पट्ट्या पडल्या असतील तर सांगा, दीड फुटी चालतील, कापून घेईन. गुरुजींना अजून फोन केलेला नाही.